मेलेला खुंट : प्रिओरातच्या जुन्या द्राक्षवेलींचा इतिहास (धागा)

स्पेनच्या काही तांबड्या वाइनच्या बाटलीवर 'जुन्या वेली' असे शब्द छापलेले असतात. गडद, जवळजवळ काळसर रंगाची, तोंडात जड आणि भरदार लागणारी ही वाइन. त्या दोन शब्दांमुळे बाटलीची किंमत कधी दुप्पट होते, कधी वीसपट. वेलीचे वय हा आज प्रतिष्ठेचा विषय आहे. परंतु कॅटालोनियाच्या डोंगरांत एके काळी वेलीचे वय हा कोर्टकचेरीचा विषय होता. वेल किती वर्षे जगते यावर कुळाची जमीन टिकणार की जाणार, हे ठरत असे. पुढे तेच वय दारिद्र्याची खूण ठरले, आणि त्यानंतर ऐश्वर्याची. या तीन अवस्थांचा हा इतिहास.

स्थळ : प्रिओरात. स्पेनच्या ईशान्येस कॅटालोनिया, त्याच्या दक्षिणेकडील तारागोना प्रांत, आणि त्यात मोन्तसांत नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी विसावलेली दहा-बारा गावे. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. उतार इतके तीव्र की कित्येक मळ्यांत आजही यंत्र चढत नाही, खेचर चढते. पायाखाली माती म्हणावी अशी मातीही नाही. आहे तो पाटीचा दगड. शाळेत ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरवली जात, त्याच जातीचा, थरांथरांनी सुटणारा काळा-तपकिरी खडक. स्थानिक लोक त्याला लिकोरेया म्हणतात. त्यात पाणी ठरत नाही, खतही ठरत नाही. वेलीला जगायचे तर थरांच्या फटींतून मुळे खोल खोल उतरवावी लागतात. गहू येथे पिकणे कठीण, भाजीपाला त्याहून कठीण. द्राक्ष, ऑलिव्ह, बदाम आणि हेझलनट एवढीच काय ती पिके.

'प्रिओरात' हे नाव पडले एका मठाधिपतीवरून. इ.स. १०८४ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोब्लजवळच्या डोंगरांत संत ब्रुनो यांनी कार्थूझियन हा ख्रिस्ती संन्याशांचा पंथ स्थापला. मौन आणि एकांत हे त्याचे व्रत. शंभरेक वर्षांनी आरागोनचा राजा दुसरा आल्फोन्सो याने या संन्याशांना आपल्या राज्यात बोलावले. हा मुलूख नुकताच मुस्लिम सत्तेकडून जिंकला होता आणि तो वसवण्यासाठी माणसे हवी होती. डोंगराळ सीमाभागात मठ वसवणे हे त्या काळी धर्मकार्य होते, तसेच ते राज्यकारभाराचे साधनही होते. ११९४ मध्ये मोन्तसांतच्या कड्याखाली मठ उभा राहिला. त्याचे नाव स्काला देई, म्हणजे 'देवाची शिडी'. एका मेंढपाळाला पाइन वृक्षाला टेकलेली शिडी आणि तिच्यावरून स्वर्गात चढणारे देवदूत दिसले, अशी आख्यायिका सांगितली जाते.

मठाच्या प्रमुखाला प्रिओर म्हणत. आसपासच्या गावांवर त्याची सरंजामी सत्ता होती. उत्पन्नाचा ठरावीक वाटा मठाला जाई. प्रिओरच्या ताब्यातील मुलूख तो प्रिओरात. संन्याशांना द्राक्षशेतीचे आणि वाइन करण्याचे ज्ञान होते, उपासनेसाठी वाइन लागत होती, आणि खडकाळ उतारावर दुसरे काही नीट येतही नव्हते. अशा तीन कारणांनी द्राक्षवेल येथे रुजली. त्यात संन्याशांचे कौतुक जितके करावे तितकेच घाम गाळणाऱ्या गावकऱ्यांचेही करायला हवे. वाइनविषयीच्या लेखनात हा दुसरा भाग सहसा गळतो.

सहाशे चाळीस वर्षे ही व्यवस्था चालली. १८३५ मध्ये स्पेनमध्ये उदारमतवादी क्रांतीच्या लाटेत मठांवर हल्ले झाले. पंतप्रधान मेन्दिसाबाल यांच्या सरकारने मठांच्या जमिनी जप्त करून लिलावात काढल्या. स्काला देईचे संन्यासी निघून गेले, मठ लुटला गेला, जाळला गेला. त्याचे दगड आसपासच्या घरांच्या भिंतींत गेले. आज तेथे कमानी आणि भग्न भिंती उरल्या आहेत. काही भागांची अलीकडे पुनर्बांधणी झाली आहे. जमिनी मात्र बहुतांशी पैसेवाल्यांच्या हाती गेल्या, कारण लिलावात बोली लावायला पैसा लागतो.

आता वेलीच्या वयाकडे वळू.

कॅटालोनियाच्या द्राक्षप्रदेशांत कुळवहिवाटीचा एक खास करार चालत असे. त्याचे नाव राबासा मोर्ता. शब्दशः अर्थ 'मेलेला खुंट'. जमीनमालक पडीक जमीन कुळाला देई. कूळ ती फोडी, दगड वेचून बांध घाली, वेली लावी, वाढवी, आणि पिकाचा ठरावीक वाटा मालकाला देई. कराराची मुदत वर्षांत लिहिलेली नसे. पहिल्यांदा लावलेल्या वेली जोवर जिवंत, तोवर करार जिवंत. दोनतृतीयांश वेली मेल्या की करार संपला आणि जमीन मालकाकडे परत गेली.

या अटीत दोन्ही पक्षांचा हिशोब होता. पडीक डोंगर फुकटात लागवडीखाली येतो हा मालकाचा फायदा. चाळीस-पन्नास वर्षे, म्हणजे जवळजवळ एका आयुष्यभराची, जमीन मिळते हा कुळाचा. आणि जिथे हिशोब आला तिथे युक्तीही आली. कूळ वेलीची एक लांब काडी वाकवून जमिनीत पुरत असे. तिला मुळे फुटली की शेजारच्या मेलेल्या वेलीची जागा ती घेई. आपल्याकडे यालाच दाब कलम म्हणतात. ही नवी वेल म्हणायची की जुनीच? कुळाचे म्हणणे, काडी जुन्या वेलीचीच आहे, तेव्हा वेलही जुनीच, आणि करार चालू. अशा रीतीने एकेक मळा नातवंडांपर्यंत पोचू लागला.

मालकांना हे मानवणारे नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले. १७५६ मध्ये कॅटालोनियाच्या राजन्यायालयाने अशा करारांना पन्नास वर्षांची मर्यादा घातली आणि दाब कलमाच्या युक्तीवर बंदी आणली. पुढे १८८९ च्या स्पॅनिश दिवाणी संहितेतही या कराराचे स्वतंत्र कलम आले : वेगळी मुदत ठरली नसेल तर पन्नास वर्षे, किंवा पहिल्या वेली मरेपर्यंत, किंवा दोनतृतीयांश वेली निष्फळ होईपर्यंत. देशाच्या दिवाणी कायद्यात द्राक्षवेलीच्या मृत्यूची व्याख्या करावी लागली, याचा अर्थ वाद किती हातघाईवर आला होता हे लक्षात यावे.

ते साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८८९ मध्ये हे कलम लिहिले जात असताना, अर्ध्या कॅटालोनियात वेली मरू लागल्या होत्या.

त्यांना मारणारा कीटक डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा होता. नाव फिलॉक्सेरा. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. तेथील रानटी द्राक्षवेली हजारो वर्षे त्याच्या सहवासात वाढल्या होत्या, त्यांच्या मुळांनी त्याला तोंड देण्याची क्षमता मिळवली होती. युरोपच्या वेलीला तो अपरिचित होता. तो मुळांना डसतो, मुळांवर गाठी येतात, त्या कुजतात आणि दोन-चार वर्षांत वेल वाळते. शिडाच्या जहाजाने अटलांटिक ओलांडायला इतके दिवस लागत की रोपांवरचा कीटक वाटेतच मरत असावा. वाफेच्या जहाजांनी प्रवास लहान केला आणि कीटक जिवंत पोचला. १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये मळे गूढपणे वाळू लागले. १८६८ मध्ये प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उपटलेल्या वेलींच्या मुळांवर भिंगातून पाहिले, तेव्हा कारण सापडले.

फ्रान्सवर संकट कोसळले आणि कॅटालोनियात सुबत्ता आली. हे ऐकायला क्रूर वाटते, पण बाजार असाच चालतो. फ्रान्सला वाइन हवी होती, ती शेजारच्या देशाकडून येऊ लागली. १८८२ मध्ये दोन्ही देशांत व्यापारी करार झाला. भाव चढले. प्रिओरातजवळचे रेउस हे शहर तर आधीपासूनच द्राक्षांच्या ब्रँडीची मोठी पेठ होते. ब्रँडीचे भाव रेउस, पॅरिस आणि लंडन या तीन ठिकाणी ठरतात, अशी म्हणच पडली होती. डोंगराच्या पार माथ्यापर्यंत वेली चढल्या. पोरेरा या गावात घराघरांच्या भिंतींवर रंगीत छायाघड्याळे आहेत. त्यांतली कित्येक या भरभराटीच्या शतकातली.

फिलॉक्सेरा सीमा ओलांडणार हे सर्वांना दिसत होते. १८७९ मध्ये तो पिरेनीज पर्वत ओलांडून उत्तर कॅटालोनियातील एम्पोर्दा भागात आला. सरकारी पथके लागण झालेले मळे उपटून जाळू लागली, तेव्हा शेतकरी विरोधात उभे राहिले. ज्या वेलीवर कुळाचा हक्क उभा आहे ती सरकारच जाळणार असेल तर दुसरे काय होणार? कीटक दरवर्षी काही कोस दक्षिणेकडे सरकत होता. दरम्यान फ्रान्सने आपले मळे पुन्हा उभे केले आणि १८९२ मध्ये परदेशी वाइनवर जबर जकात बसवली. बाजार गेला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९३ मध्ये, फिलॉक्सेरा प्रिओरातला पोचला.

कीटक येण्यापूर्वी या छोट्या प्रदेशात सुमारे पाच हजार हेक्टरांवर द्राक्षे होती असे सांगितले जाते. काही वर्षांत जवळजवळ सर्व वेली मेल्या.

उपाय तोवर सापडलेला होता, आणि तो शेतकऱ्याच्या परिचयाचाच होता : कलम. जमिनीखाली अमेरिकन वेलीचा खुंट, कारण त्याची मुळे कीटकाला पुरून उरतात. जमिनीवर युरोपीय वेलीची काडी, कारण द्राक्ष तिचे चांगले. महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदाराला हे वेगळे समजावून सांगायला नको. नाशिक-सांगलीकडच्या बागा ज्या 'डॉगरिज' खुंटावर उभ्या आहेत, तो टेक्सासमधील रानवेलीच्या घराण्यातलाच आहे. आपल्याकडे तो क्षार आणि पाण्याच्या टंचाईला तोंड देण्यासाठी आला, युरोपात अमेरिकन खुंट आले ते कीटकाला तोंड देण्यासाठी, इतकाच फरक.

यातून एक गैरसमज दूर व्हावा. प्रिओरातची 'शंभर वर्षांची वेल' ही संन्याशांच्या काळापासून अखंड चालत आलेली वेल नव्हे. ती महासंहारानंतर, परक्या मुळांवर, नव्याने लावलेली वेल आहे. स्पेनमध्ये स्वतःच्याच मुळांवर उभ्या असलेल्या, फिलॉक्सेरापूर्व वेली आहेत. पण त्या मुख्यतः वाळूच्या जमिनीत, उदाहरणार्थ कास्तिल प्रदेशातील तोरो गावाभोवती. वाळूत हा कीटक टिकत नाही. पाटीच्या दगडात ती सोय नव्हती.

कलम बांधायला पैसा लागतो. खुंट विकत घ्यायचा, पुन्हा खड्डे खणायचे, पहिले पीक हाती येईपर्यंत तीन-चार वर्षे घर चालवायचे. ज्यांना हे जमले नाही त्यांनी डोंगर सोडला. माणसे रेउसला, बार्सिलोनाच्या कापडगिरण्यांत गेली. मागे राहिलेल्यांनी जमेल तेवढी लागवड केली, उरलेल्या उतारांवर हेझलनट आणि बदाम लावले किंवा रान माजू दिले. नव्या लागवडीत दोन वाणांचा भरणा होता. एक गार्नाचा : उष्णता आणि पाणीटंचाई सोसणारा, भरपूर साखर धरणारा. दुसरा कारिन्येना : उशिरा पिकणारा, आंबट, गडद रंगाचा आणि उत्पन्नाला बरा. संकटानंतर कारिन्येना वाढला तो चवीसाठी नव्हे, उत्पन्नासाठी. हे पुढे कामी येईल.

आणि 'मेलेल्या खुंटा'चे काय झाले? वेली मेल्या म्हणजे, कायद्याच्या अक्षरानुसार, करार मेले. मालकांनी जमिनी परत मागितल्या. पुन्हा कुळाला दिल्या त्या कमी मुदतीच्या आणि कडक अटींवर. त्यात आणखी एक दैवदुर्विलास असा की कलमी वेल जुन्या वेलीइतकी दीर्घायुषी नसते असा अनुभव येऊ लागला. म्हणजे वेलीच्या आयुष्यावर करार बांधायचा म्हटले तरी ते आयुष्यच आखूड झाले. यातून जो असंतोष पेटला तो चाळीस वर्षे विझला नाही. त्याची मुख्य केंद्रे बार्सिलोनाजवळच्या पेनेदेससारख्या भागांत होती, प्रिओरात त्या मानाने कडेला होता. १९२२ मध्ये राबासायरे, म्हणजे द्राक्षकुळांची, संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत लुईस कोम्पान्यस नावाचे एक वकील होते.

हेच कोम्पान्यस पुढे कॅटालोनियाच्या स्वायत्त सरकारचे अध्यक्ष झाले. १९३४ च्या वसंतात त्यांच्या संसदेने कुळांना जमीन विकत घेण्याचा हक्क देणारा कायदा केला. जमीनदारांनी माद्रिदकडे धाव घेतली आणि जूनमध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. कॅटालन संसदेने तसाच कायदा पुन्हा संमत केला. तणाव वाढत गेला. ६ ऑक्टोबर १९३४ रोजी कोम्पान्यस यांनी स्पॅनिश संघराज्यांतर्गत कॅटालन राज्याची घोषणा केली. बंड काही तासांत मोडले आणि ते तुरुंगात गेले. त्यामागे इतरही मोठी कारणे होती. तरीही स्पॅनिश यादवीच्या आधीच्या या पेचप्रसंगाच्या मुळाशी द्राक्षवेलीचा खुंट होता, हे पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकले जाते. यादवीनंतर फ्रान्समध्ये आश्रय घेतलेल्या कोम्पान्यस यांना जर्मनांनी पकडून फ्रँकोच्या हवाली केले. १५ ऑक्टोबर १९४० रोजी बार्सिलोनाच्या मोन्जुइक किल्ल्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. कुळांची संघटना फ्रँकोच्या राजवटीत बेकायदा ठरली होतीच.

प्रिओरातमध्ये तोवर सहकाराने जोर धरला होता. एकट्याने वाइन करून विकणे परवडत नाही, म्हणून गावोगावी सहकारी वाइनघरे निघाली. फालसेत येथील वाइनघराची भव्य इमारत १९१९ ची. ती गाउदीचे शिष्य सेसार मार्तिनेल यांनी उभारली. आत शिरणाऱ्याला क्षणभर चर्चमध्ये आल्यासारखे वाटते. अशा इमारतींना 'वाइनची कॅथेड्रल्स' म्हणतात ते अनाठायी नाही.

पण या इमारतींतून बाहेर काय जात होते? टँकर. प्रिओरातच्या वाइनमध्ये अल्कोहोल जास्त, रंग गडद. इतर प्रदेशांची पातळ, फिकी वाइन सुधारण्यासाठी ती घाऊक भावाने विकली जाई आणि दुसऱ्याच्या नावाखाली बाटलीत जाई. १९५४ मध्ये या प्रदेशाच्या नावाला कायद्याचे संरक्षण देणारी नियमावली झाली, पण नावाला भाव नव्हता. तरुण निघून जात होते. बेल्मुंत येथील शिशाची खाण हा शेतीबाहेरचा मोठा रोजगार. तीही १९७२ मध्ये बंद पडली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस द्राक्षलागवड सुमारे सहाशे हेक्टरांवर आली होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या जेमतेम आठवा हिस्सा.

जुन्या वेली टिकल्या त्या या काळात. का टिकल्या, याचे उत्तर रम्य नाही. जुनी वेल कमी फळ देते. वाइन किलोच्या भावाने विकली जात असताना कोणताही शहाणा शेतकरी ती उपटून नवी, भरघोस पिकणारी वेल लावील. ज्या सपाट, सुपीक प्रदेशांत पैसा होता तेथे नेमके तेच झाले. प्रिओरातमध्ये उपटायलाही पैसा नव्हता. उतारावर ट्रॅक्टर जात नव्हता, बँक कर्ज देत नव्हती, मुलगा शहरात होता. म्हातारा-म्हातारी खेचर घेऊन वर चढत, छाटणी करत, येईल तेवढे पीक सहकारी वाइनघरात घालत. जुनी वेल जपली ती परंपरेच्या अभिमानाने नव्हे, नाइलाजाने. आणि त्या नाइलाजालाही मुदत होती : १९८६ मध्ये स्पेन युरोपीय आर्थिक समुदायात आला. तेथे वाइनचा पूर आलेला असल्यामुळे मळे कायमचे उपटणाऱ्यांना अनुदान मिळू लागले. देशभर जुन्या वेली त्या अनुदानाने उपटल्या गेल्या. ज्या उतारावर वर्षाला मूठभर पैसे सुटत, त्याचा मोबदला एकरकमी मिळत होता. तो घेणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

नेमक्या याच वर्षांत ग्रातालोप्स या खेड्यात काही उपरे जमत होते. रने बार्बिये यांनी तेथे १९७९ मध्येच जमीन घेतली होती. त्यांच्याभोवती कार्लेस पास्त्राना, दाफ्ने ग्लोरियान, फालसेतच्या द्राक्षशेती विद्यालयात शिकवणारे होसे लुईस पेरेस, आणि रिओहा या प्रतिष्ठित वाइनप्रदेशातील घराण्याचे तरुण आल्वारो पालासिओस असे लोक गोळा झाले. पैसा कोणाकडेच फारसा नव्हता. म्हणून १९८९ च्या हंगामात सगळ्यांनी द्राक्षे एकत्र केली, एकाच छपराखाली वाइन केली आणि वेगवेगळ्या नावांच्या चिठ्ठ्या लावून बाटल्या विकल्या. क्लोस मोगादोर, क्लोस एरास्मुस, क्लोस मार्तिनेत अशी ती नावे. 'क्लोस' म्हणजे कुंपण घातलेला मळा.

येथे एक गंमत आहे. या मंडळींनी सुरुवातीला जुन्या वेलींवर पूर्ण विश्वास टाकला नव्हता. जगाच्या बाजारात फ्रेंच वाणांची चलती होती, म्हणून त्यांनी काबर्ने सोव्हिन्यों आणि सिराह यांची नवी लागवड केली, फ्रेंच ओकची नवी पिंपे आणली. गार्नाचा आणि कारिन्येना जोडीला होते. चव पाहता पाहता त्यांच्या लक्षात आले की बाटलीत जे काही खास आहे ते या जुन्या, वाकड्या, गुडघ्याएवढ्या खुंटांमुळे आहे. पालासिओस यांनी ग्रातालोप्सच्या एका छोट्या देवळाखालचा, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लावलेला गार्नाचाचा तीव्र उताराचा तुकडा मिळवला आणि १९९३ मध्ये 'लेर्मिता' ही वाइन काढली. आज तिच्या एका बाटलीची किंमत हजार युरोंच्या घरात आहे. २००४ च्या क्लोस एरास्मुसला अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्या नियतकालिकाने १०० पैकी १०० गुण दिले. उत्पन्नासाठी लावलेला, चवीला ओबडधोबड ठरवलेला कारिन्येनाही म्हातारपणी मानाला पोचला. विशेषतः पोरेराच्या थंड खोऱ्यात. फ्रँकोविरोधी गाण्यांसाठी प्रसिद्ध असलेले कॅटालन गायक ल्युइस ल्याक यांनी नव्वदच्या दशकात त्याच गावात वाल ल्याक हे वाइनघर उभारण्यात हात घातला.

जुन्या वेलीत असे काय असते? झाड वयात येते तसे फळ कमी धरते. प्रिओरातच्या उतारावर एका वेलीला कधी किलोभर, कधी त्याहूनही कमी. मणी लहान, साल जाड, म्हणून रंग आणि तुरटपणा अधिक. जाड बुंध्यात अन्नाचा साठा असतो आणि मुळे खडकात खोल गेलेली असतात, त्यामुळे एखादे कोरडे वर्ष तरुण वेलीइतके तिला झोंबत नाही. मात्र जुनी वेल म्हणजे चांगली वाइन असे समीकरण शास्त्राने सिद्ध केलेले नाही. वाईट जागी लावलेली वेल शंभर वर्षांनीही वाईट जागीच असते. फार काळ जगलेला मळा बहुधा चांगल्या जागीच होता, असेही कोणी म्हणेल, आणि त्यात बरेच तथ्य आहे.

२००० साली कॅटालन सरकारने प्रिओरातला स्पेनमधील सर्वोच्च वाइनदर्जा दिला. माद्रिदने त्यावर २००९ मध्ये शिक्कामोर्तब केले. तोपर्यंत हा मान फक्त रिओहाकडे होता. पैसा आला तसे बुलडोझरही आले. डोंगर कापून रुंद पायऱ्या पाडल्या गेल्या आणि नव्या वेली लागल्या. लागवड पुन्हा दोन हजार हेक्टरांच्या आसपास पोचली. त्यात खरोखर जुन्या वेली थोड्याच. बहुतेक देशांच्या कायद्यात 'जुनी वेल' म्हणजे किती वर्षांची हे ठरलेले नाही, त्यामुळे तीस वर्षांच्या वेलीचीही वाइन त्या नावाने खपते. प्रिओरातच्या नियामक मंडळाने अखेर स्वतःची रेघ आखली : पंचाहत्तर वर्षांहून जुनी, किंवा १९४५ पूर्वी लावलेली. वेलीचे वय पुन्हा एकदा कागदावर आले. यादीत एखादा तुकडा लागला की त्या द्राक्षांचा भाव वाढतो. ज्या कुटुंबांनी तो कवडीमोलाने विकला त्यांच्या वाट्याला यातले काही येत नाही. ज्यांनी धरून ठेवला त्यांच्या मुलांपैकी काही परत आली आहेत.

२०२१ नंतरच्या तीन वर्षांत कॅटालोनियाने भीषण दुष्काळ पाहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बार्सिलोनासह मोठ्या भागात पाणीटंचाईची आणीबाणी जाहीर झाली. लिकोरेयाच्या उतारांवर पीक निम्म्याहून खाली गेले, आणि यावेळी खोल मुळांच्या म्हाताऱ्या वेलीही काही ठिकाणी वाळल्या. जुन्या मळ्यात अशी रिकामी जागा पडली की मालकाला पणजोबांची युक्ती आठवते : शेजारच्या वेलीची काडी वाकवायची, दगडात पुरायची. पण फिलॉक्सेरा अजूनही जमिनीत आहे. पुरलेल्या काडीला फुटतील ती मुळे युरोपीय वेलीची असतील. मूळ वेलीशी नाळ जोडलेली असेतो तिचे निभेल, नाळ तुटली की कीटक तिला खाईल. खात्रीचा मार्ग एकच, अमेरिकन खुंटावरचे कलमी रोप. ते १९०५ च्या वेलींच्या रांगेत उभे राहते, आणि नोंदवहीत त्याचे वय शून्य लिहिले जाते.